मोबाईलवर टिपलेल्या सामन्यातून सराव कसा काढायचा: स्थानिक फुटबॉल संघांसाठी टप्प्याटप्प्याने

सामना संपला की रात्री उशिरा माझ्याकडे व्हिडिओ येऊ लागतात. "सर, जरा बघून सांगा, कुठं चुकलं." उघडून बघावं तर चेंडूमागे भिरभिरणारा कॅमेरा, गोल झाल्यावर नाचणारा हात आणि दुसऱ्या हाफची शेवटची पंधरा मिनिटं गायब. ज्याने जागा सोडली म्हणून गोल पडला, तो खेळाडू चौकटीत आलेलाच नसतो. मग मी काय सांगणार?

पोरं कष्टाला कमी नाहीत, चुकतो तो क्रम. आधी मोबाईल उभा राहतो, मग बघायचं काय हे शोधलं जातं. कोल्हापूरच्या तालमींचा संघ असो, पुण्या-मुंबईच्या लीगमधला क्लब असो की गोव्यातल्या गावचा, सगळीकडे हेच दिसतं. एक मोबाईल, एक तिपाई, एक लॅपटॉप आणि दोन माणसं एवढ्यावर हे काम नीट होतं. फक्त पुढचे टप्पे ह्याच क्रमाने घ्या.

## टप्पा १: कॅमेऱ्याआधी तीन प्रश्न

सामन्याच्या दोन दिवस आधी प्रशिक्षकासोबत बसा. "सगळंच बघू" हे उत्तर घेऊन उठू नका, कारण सगळं बघणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. तीनच प्रश्न ठरवा आणि ते असे ठेवा की उत्तर मोजता येईल. "आपला डिफेन्स कसा आहे?" हा मोजता येणारा प्रश्न नाही. हे बघा:

- चेंडू गमावल्यावर पहिल्या पाच सेकंदांत आपले किती खेळाडू चेंडूच्या मागे येतात?
- आपल्या गोल किकनंतर चेंडू किती वेळा आपल्याच ताब्यात मध्यरेषेपलीकडे पोहोचतो?
- विरोधी संघाच्या कॉर्नरवर बाहेर उडालेला चेंडू पहिला कोण गाठतो, आपला की त्यांचा?

प्रश्नाशेजारी व्याख्या लिहा. "चेंडू गमावला" म्हणजे कधी? समोरच्याच्या पायाला लागला तेव्हा की त्याने ताब्यात घेतला तेव्हा? मी ताब्यात घेतल्याचा क्षण धरतो. तुम्ही दुसरं काही धरा, पण हंगामभर तेच ठेवा. फटके मोजणार असाल तर खांबाला लागून बाहेर गेलेला फटका "गोलवर" धरत नाहीत, हेही लिहून ठेवा. आमच्याकडे ह्या एका गोष्टीवरून दोघांचे आकडे जुळत नव्हते.

तपासा: दोन वेगवेगळ्या माणसांना जुन्या सामन्याची तीच दहा मिनिटं मोजायला द्या. आकडे जुळले नाहीत तर व्याख्या ढिली आहे.

## टप्पा २: परवानगी आणि नियम

आयोजकांना आदल्या दिवशी भेटा, मैदानावर ऐनवेळी नको. स्पर्धेचं थेट प्रक्षेपण दुसऱ्या कुणाला दिलेलं असेल तर तुमचं चित्रीकरण फक्त सरावासाठी आहे हे लेखी द्या. प्रतिस्पर्धी संघालाही कल्पना द्या. मागाहून होणारी वादावादी टळते.

मुलांचे सामने असतील तर पालकांची लेखी संमती घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीवर भर दिला आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, चौदा वर्षांच्या मुलाच्या हातून झालेली चूक गावभर फिरणं बरं नव्हे. मुलांचे व्हिडिओ ग्रुपवर टाकू नका.

बाकावर टॅबलेट किंवा फोन चालतो का, हे नेहमी विचारलं जातं. खेळाच्या चौथ्या नियमानुसार प्रशिक्षक आणि सहाय्यकांना डावपेचांसाठी किंवा खेळाडूंच्या सुरक्षिततेसाठी हातात मावणारी साधनं वापरता येतात. तरी स्पर्धेचे स्वतःचे नियम आधी वाचा. खेळाडूला मात्र सामन्यात संपर्काचं कोणतंही साधन जवळ ठेवता येत नाही.

सावधान: टॅबलेट पंचांना दाखवायला धावू नका. तुमच्या स्पर्धेत व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासण्याची सोय, नाही, आणि खेळातल्या घटनांबाबत पंचांचा निर्णय अंतिम असतो. बाकावरच्या साधनाच्या आधाराने हुज्जत घालणाऱ्याला बाहेर काढलं जातं आणि पुढच्या सामन्यात संघ प्रशिक्षकाविना उतरतो.

ड्रोनबद्दल थोडक्यात सांगतो: नको. २०२१ च्या ड्रोन नियमांत नोंदणी क्रमांक लागतो, जागा कोणत्या क्षेत्रात येते ते बघावं लागतं, गर्दीवर उडवणं धोक्याचं आहे आणि लहान ड्रोनची बॅटरी साधारण अर्ध्या तासात संपते. एक हाफसुद्धा पुरा होत नाही.

## टप्पा ३: जागा

ह्या टप्प्याला सर्वात जास्त वेळ द्या. सामन्याच्या आदल्या दिवशी, शक्यतो त्याच वेळेला मैदानावर जाऊन या.

मध्यरेषेच्या समोर, जितकं उंच जाता येईल तितकं जा. जमिनीवरून टिपलं की बॅकची (बचावाची) रांग आणि हाफची (मधल्या फळीची) रांग एकमेकांवर चढलेली दिसते, त्यांच्यात पाच मीटरचं अंतर आहे की पंधराचं ते कळत नाही. चार-पाच मीटर उंचीवरून तेच अंतर स्पष्ट उघडतं. प्रेक्षकांच्या पायऱ्या असतील तर सगळ्यात वरची पायरी घ्या. पायऱ्या नसतील तर शेजारच्या इमारतीची गच्ची, तीही नसेल तर उंच तिपाई. उंच तिपाईचे पाय दगडांनी किंवा वाळूच्या पिशव्यांनी दाबा. वाऱ्याने पडलेली तिपाई कुणाच्याही डोक्यात बसू शकते.

दुपारचे सामने असतील तर पश्चिमेच्या बाजूला बसा, म्हणजे ऊन तुमच्या पाठीशी राहील. पूर्वेला बसलात तर चारनंतर सगळे खेळाडू काळ्या सावल्या होतात आणि जर्सीचा क्रमांक वाचता येत नाही.

मागे किती सरकायचं? साध्या १एक्स लेन्सचा कोन बहुतेक फोनवर सत्तर अंशांच्या आसपास असतो. साईडलाईनपासून पंधरा मीटर मागे बसलात तर मैदानाच्या मधोमध सुमारे पासष्ट मीटर रुंदी दिसते, जवळच्या साईडला मात्र फक्त वीसेक मीटर. म्हणून जवळच्या विंगवरचा खेळ सुटतो आणि आपण फोन भराभरा फिरवू लागतो. मागे सरकायला जागा असेल तर सरका. ०.५एक्सच्या रुंद लेन्सचा मोह टाळा. त्यात रेषा वाकतात आणि पलीकडच्या साईडचे खेळाडू मुंगीएवढे होतात.

तपासा: मित्राला पलीकडच्या साईडलाईनवर उभं करून दहा सेकंद टिपा आणि लॅपटॉपवर बघा. क्रमांक वाचता आला पाहिजे. समोर झेंडा, खांब किंवा उभा राहणारा प्रेक्षक येतो का तेही बघा. मोठ्या सामन्याला समोरची रांग गोलच्या क्षणी उभी राहते, हे गृहीत धरा.

## टप्पा ४: फोनची तयारी

एका अंतिम सामन्यात पहिल्या हाफच्या विसाव्या मिनिटाला माझ्या फोनवर घरून कॉल आला आणि चित्रीकरण थांबलं. ते माझ्या लक्षात आलं हाफ संपताना. त्या पंचवीस मिनिटांत आम्ही दोन गोल खाल्ले होते आणि दोन्हींचं कारण आजही माझ्याकडे नाही. तेव्हापासून ही यादी मी कागदावर लिहून तिपाईला बांधतो:

1. फोन विमान मोडवर.
2. १०८० पिक्सेल, सेकंदाला ३० फ्रेम. ह्या मापाला मिनिटाला साधारण १०० ते १५० एमबी लागतात, म्हणजे पूर्ण सामन्याला १० ते १५ जीबी. किमान २५ जीबी मोकळी ठेवा. ४के ला ह्याच्या जवळपास तिप्पट जागा लागते आणि फोन लवकर तापतो.
3. गवतावर बोट दाबून फोकस आणि उजेड कुलूपबंद. नाहीतर अर्धं मैदान सावलीत गेलं की चित्र सतत गडद-फिकं होत राहतं.
4. मागचं कव्हर काढलेलं, स्क्रीनचा उजेड कमी, फोनवर सावलीसाठी पांढरी टोपी किंवा पुठ्ठा.
5. लेन्स सुती कापडाने पुसलेली.

एप्रिल-मेच्या उन्हात फोन तापून बंद पडणं हा सर्वात मोठा धोका आहे. खेळ चालू असताना पॉवर बँक लावली तर फोन आणखी तापतो. शंभर टक्के चार्ज करून आणा आणि हाफ टाइमला सावलीत चार्ज करा.

## टप्पा ५: चित्रीकरण

शिट्टीच्या दोन मिनिटं आधी सुरू करा. प्रत्येक हाफची वेगळी फाईल ठेवा. आवाज चालू राहू द्या, पंचांच्या शिट्ट्या पुढे वेळ जुळवायला लागतात.

आता मुख्य गोष्ट. कॅमेरा चेंडूच्या पुढची मोकळी जागा बघतो, चेंडूला कडेला ठेवतो. आपला संघ उजवीकडे चढाई करत असेल तर चेंडू चौकटीच्या डाव्या भागात ठेवा, म्हणजे पुढे धावणारे फॉरवर्ड आणि मागे सरकणारे त्यांचे बॅक दोघे दिसतात. चेंडू चौकटीच्या मध्यात धरण्याची सवय टीव्ही बघून लागते आणि ती मोडायला मला पूर्ण हंगाम लागला. घाई करू नका, आठ-दहा सामने लागतीलच.

झूम करायचं नाही. गोलसमोर गर्दी झाली तरी नाही. त्याच क्षणी मागे कोण उभा राहिला, कोण परतला, ह्यातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर असतं.

खेळ थांबला की चित्रीकरण थांबवायचं नाही. थ्रो-इन, फ्री किक, कॉर्नरच्या आधी खेळाडू जागा घेतात तो भाग सर्वांत मोलाचा. गोल झाल्यावरही दहा सेकंद चौकट तशीच ठेवा, मग सावकाश मध्यरेषेवर या.

सावधान: चित्रीकरण करणारा माणूस कट्टर समर्थक नसावा. संघाचा राखीव खेळाडू बसवलात तर गोलच्या वेळी तो उडी मारणारच. दुसऱ्या तालमीतला मित्र, एखादा जखमी खेळाडू किंवा शांत स्वभावाची बहीण बसवा. आमच्याकडे दोन हंगाम एका खेळाडूची धाकटी बहीण हे काम करते आणि तिच्याइतकी स्थिर चौकट मी पाहिलेली नाही.

## टप्पा ६: सामना चालू असताना नोंदी

दुसरा माणूस वही घेऊन शेजारी बसेल. शिट्टीबरोबर घड्याळ सुरू. मैदान कागदावर अठरा चौकोनांत वाटा: लांबीला सहा, रुंदीला तीन. नोंद एका ओळीत, उदाहरणार्थ "२३.४० – गमावला – चौकोन ८ – १४ नंबर". पूर्ण वाक्यं लिहीत बसलात तर पुढची घटना सुटते.

दुसऱ्या हाफचं घड्याळ शून्यापासून पुन्हा सुरू करा. पंचेचाळीसपासून पुढे मोजणारे लोक पहिल्या हाफचा वाढीव वेळ विसरतात आणि नोंदी दोन-तीन मिनिटांनी सरकतात.

हाफ टाइमला प्रशिक्षकाला फार तर दोन प्रसंग दाखवा. खेळाडू दमलेले असतात, पाणी पीत असतात. पाच तुकडे दाखवले तर एकही डोक्यात राहत नाही.

## टप्पा ७: तुकडे कापणं

घरी आल्यावर पहिलं काम: फाईल लॅपटॉपवर आणि दुसऱ्या डिस्कवर, दोन्हीकडे. मगच फोन रिकामा करा. फाईलचं नाव तारीख, स्पर्धा, प्रतिस्पर्धी आणि हाफ असं ठेवा.

कापायला लॉसलेसकट हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. चित्राचा दर्जा न बिघडवता ते झटपट कापतं. मात्र तुकडा नेमक्या फ्रेमवर सुरू होईलच असं नाही, एखादा सेकंद मागे-पुढे होतो. फ्रेम-फ्रेम बघायला व्हीएलसी घ्या, त्यात कीबोर्डवरचं ई बटण दाबलं की चित्र एकेक फ्रेम पुढे सरकतं. बाण आणि वर्तुळं काढायला किनोव्हिया मोफत आहे.

इथे सगळे एकच चूक करतात: तुकडा फार उशिरा सुरू करतात. फटका मारल्यापासून गोलपर्यंतचे चार सेकंद कापले की त्यात गोलकीपर दोषी दिसतो. तोच तुकडा पंधरा सेकंद आधी सुरू करा. मग दिसेल की लेफ्ट बॅक थ्रो-इन घ्यायला पुढे गेला होता, त्याची जागा कुणी भरली नाही आणि तिथूनच क्रॉस आला. कितीतरी गोलकीपर अर्धवट कापलेल्या व्हिडिओमुळे शिव्या खातात. मी नियम केला आहे: चेंडू आपल्याकडून शेवटचा जिथे गेला, तिथून तुकडा सुरू. बहुतेक वेळा तो १२ ते २० सेकंदांचा होतो.

तपासा: तुकडा अनोळखी माणसाला दाखवा. "हे का झालं?" ह्याचं उत्तर फक्त तुकड्यावरून देता आलं पाहिजे.

## टप्पा ८: मोजणी, आणि काय मोजायचं नाही

तीन प्रश्नांचे तीन तक्ते करा. आकडा एकटा लिहू नका, शेजारी तुकड्याचा क्रमांक हवा. "२२ पैकी ९ वेळा तिघे किंवा जास्त मागे आले" असं लिहिलं की ते नऊ आणि उरलेले तेरा दोन्ही बघता आले पाहिजेत.

टक्केवारीच्या मागे लागू नका. कॉर्नर चारच मिळाले असतील तर "पन्नास टक्के" म्हणजे दोन. टीव्हीवर दिसणारा एक्सजी, म्हणजे फटक्यातून गोल होण्याची शक्यता, हजारो फटक्यांच्या माहितीवर बेतलेला असतो. एका सामन्यातल्या सहा फटक्यांवर तो घरी काढण्यात अर्थ नाही.

आणि ऑफसाईड, म्हणजे पास सुटला त्या क्षणी फॉरवर्ड शेवटच्या बॅकच्या पुढे होता का. हा वाद माझ्याकडे दर आठवड्याला येतो, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. कतारमध्ये २०२२ च्या विश्वचषकात अर्ध-स्वयंचलित ऑफसाईडसाठी छताखाली १२ कॅमेरे होते. प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू ते सेकंदाला ५० वेळा टिपत होते आणि चेंडूतला सेन्सर सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवत होता. चेंडू पायातून नेमका कधी सुटला हे कळण्यासाठी एवढा खटाटोप.

तुमचा फोन सेकंदाला ३० फ्रेम घेतो. सेकंदाला ७ मीटर वेगाने धावणारा फॉरवर्ड दोन फ्रेमच्या मधे सुमारे २३ सेंटिमीटर पुढे जातो. बॅक त्याच वेळी उलट दिशेने सेकंदाला ३ मीटरने वर येत असेल तर आणखी १० सेंटिमीटर. म्हणजे चेंडू सुटल्याची फ्रेम एकाने चुकली तरी एक फूटभर फरक पडतो. त्यात कॅमेरा मध्यरेषेवर, तिरका. गोलरेषेपासून सारख्याच अंतरावर असलेल्या दोघांपैकी कॅमेऱ्याच्या जवळच्या साईडचा खेळाडू पडद्यावर गोलच्या जास्त जवळ दिसतो. बघायचंच असेल तर पेनल्टी बॉक्सची गोलरेषेला समांतर रेषा प्रमाण माना. आणि मीटरभर फरक दिसत नसेल तर त्या प्रसंगावरून लाईन्समनला दोष देऊ नका. पट्टी ठेवून काढलेल्या लाल रेषांचे फोटो ग्रुपवर टाकणं तर पूर्ण बंद करा.

### जीपीएस व्हेस्ट असेल तर

जीपीएस व्हेस्ट म्हणजे खेळाडूची धाव मोजणारं यंत्र बसवलेली बनियन. सुरुवातीला नसली तरी चालते. असेल तर यंत्र उघड्या आकाशाखाली सरावाच्या दहा-पंधरा मिनिटं आधी चालू करा, उपग्रह सापडायला वेळ लागतो. प्रत्येक खेळाडूला दर वेळी तेच यंत्र द्या. सामन्यानंतर वॉर्म-अप आणि हाफ टाइमची चाल कापून टाका. हे न केल्यामुळे "आमचा हाफ चौदा किलोमीटर पळाला" अशा बातम्या येतात. वरच्या पातळीवरचे मैदानी खेळाडूसुद्धा सामन्यात साधारण १० ते १२ किलोमीटर धावतात.

किलोमीटरवरून खेळाडूंची उतरंड लावू नका. चुकीच्या जागी उभा असलेला खेळाडू जास्तच धावतो. आकड्यांचा खरा उपयोग एकाच खेळाडूची स्वतःशी तुलना करण्यात आहे: दुखापतीतून परतलेला मुलगा दर आठवड्याला जोरकस धावा किती करतो, दुसऱ्या हाफमध्ये किती घटतो. मनगटी घड्याळ घालून मात्र सामन्यात उतरू देऊ नका, पंच ते काढायला लावतात.

## टप्पा ९: खेळाडूंना दाखवणं आणि मैदानावर नेणं

सामन्याच्या रात्री दाखवू नका. एक रात्र जाऊ द्या. आठ ते दहा तुकडे, पंधरा मिनिटं, बस. दाखवण्याआधी आवाज बंद करा. प्रेक्षकांतल्या शिव्या खेळाडूने पुन्हा ऐकायची गरज नाही.

एकट्याची चूक असेल तर ती त्याला एकट्याला दाखवा. "तू इथं काय केलंस?" असं न विचारता "तुला तिथून काय दिसत होतं?" असं विचारा. वरच्या पायरीवरून मोकळा दिसणारा पास मैदानात दोन जणांच्या पाठीमागे दडलेला असतो. कॅमेऱ्याला जे दिसलं ते खेळाडूला दिसलं असेलच असं नाही, आणि हे विसरून मी दोन चांगल्या मुलांना विनाकारण बोललो आहे.

शेवटचा तुकडा संपल्यावर उठा आणि मैदानावर चला. तिन्हींतला एकच प्रश्न घ्या. चेंडू गमावल्यावर परतणं हा प्रश्न असेल तर, जास्तीत जास्त वेळा चेंडू ज्या चौकोनात गेला तोच शंकूंनी आखा, सहा विरुद्ध सहा लावा. चेंडू गेला की शिट्टी, पाच मोजेपर्यंत तिघे मागे आले नाहीत तर समोरच्याला एक गुण. वीस मिनिटं पुरतात. मधेच थांबवून टॅबलेटवर तोच तुकडा पुन्हा दाखवा. मैदानावर उभं राहून बघितलं की मुलं स्वतःच बोट ठेवतात: "इथं मी उभा राहिलो."

पुढच्या सामन्यालाही तेच प्रश्न, त्याच व्याख्या, शक्य झालं तर बसायची पायरीही तीच. निदान चार सामने प्रश्न बदलू नका. वहीत आजच्या आकड्यांशेजारी पुढच्या तीन सामन्यांचे रकाने आताच आखून ठेवा.